नातवंडांचे शब्द आणि आपले वय

(ज्येष्ठ नागरिकांच्या एका स्नेहमेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



वार्धक्य प्रथम कोठे जाणवते, असे विचारले तर कोणी गुडघ्याकडे बोट दाखवील, कोणी चष्म्याकडे. मला वाटते, ते प्रथम कानाला जाणवते. ऐकू येत असते, पण अर्थ लागत नाही. घरातलीच मुले, आपल्याच दिवाणखान्यात बसून बोलत असतात. एक म्हणतो, "विषय खोल आहे." दुसरी म्हणते, "किती क्रिंज!" तिसरा म्हणतो, "उगाच फ्लेक्स नको करू." सगळे खळखळून हसतात, आपणही कसनुसे हसतो आणि मनात येते, आपला काळ सरला. या भावनेचा आज थोडा विचार करू.

पहिली गोष्ट अशी की, आपल्या कंपूपुरती बोली घडविणे हा आजच्या पिढीचा शोध नाही. बालपणी आपण 'च'ची भाषा बोललो, ती मोठ्यांना कळू नये म्हणूनच. करपल्लवी आणि नेत्रपल्लवी हे शब्द आपल्या भाषेत जुनेच आहेत. दलालांची नंदभाषा होती, ती गिऱ्हाइकाला भाव कळू नये म्हणून. बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरे, तोही शेजारच्याला कळू नये म्हणून. तरुणांच्या बोलीचे कार्य तेच. ती आपल्याला कळत नाही, कारण ती आपल्यासाठी घडलेलीच नसते. म्हणून तिच्यामागे धावण्यात अर्थ नाही. इंग्लंडच्या ऑक्सफर्ड शब्दकोशाने 'रिझ' हा शब्द २०२३ सालचा शब्द म्हणून निवडला. पण कोशकारांच्या हाती लागलेला शब्द पोरांच्या लेखी शिळा होऊ लागतो. आजोबांनी तो उच्चारला की तो त्यांनी टाकलाच म्हणून समजा!

दुसरी गोष्ट. आपणही कधी तरुण होतो. 'झकास', 'भंकस', 'पोपट झाला' हे शब्द आपल्या तोंडी होते, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडत. त्यांच्याजवळचे काही आपल्या हातून सुटलेही. पावकी, निमकी, दीडकी यांच्याबरोबर त्यांनी औटकी पाठ केली होती. औट म्हणजे साडेतीन. आज या सभागृहात औटकी म्हणू शकणारे किती निघतील? शब्दांची ही गळती प्रत्येक पिढीत होत आली आहे.

मग जुने जाते ते जाऊ द्यावे काय? येथे मला पैठणच्या नाथमहाराजांचे स्मरण होते. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली. पुढच्या जवळजवळ तीनशे वर्षांत तिच्यात पाठभेद शिरले. एकनाथांनी अनेक प्रती ताडून पाहून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. जुन्या शब्दाची एवढी निगा राखणाऱ्या याच सत्पुरुषाने भारुडे लिहिली, ती मात्र बाजारात, जत्रेत, चव्हाट्यावर चालणाऱ्या बोलीत. एका हाताने वारसा सांभाळावा आणि दुसऱ्या हाताने चालत्या बोलीचे बोट धरावे, हा आपल्या परंपरेचाच धडा आहे.

तेव्हा चिंता कशाची करावी, हे नीट ठरविले पाहिजे. 'विषय खोल' किंवा कोल्हापूरकडचे 'नाद खुळा' यांनी मराठी बिघडत नाही; ते शब्द मराठी मातीतूनच उगवले आहेत. चिंता वाटते ती वेगळ्याच ठिकाणी. २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे होते. पण आजी म्हणते, "पावणेसातला ये," आणि नातू विचारतो, "म्हणजे किती?" हा प्रश्न पुस्तकाने निर्माण केलेला नाही. घरात ते शब्द मुलाच्या कानांवर पडणे थांबले, म्हणून तो निर्माण झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु आजी-नातवामधले बोलणे तो दर्जा चालू ठेवू शकत नाही. ते काम आपले.

माझ्या परिचयातील एका गृहस्थांचा अनुभव सांगतो. परगावी शिकणाऱ्या नातीचा निरोप भ्रमणध्वनीवर आला: या सुट्टीत येता येणार नाही. त्यांनी उत्तर लिहिले, "बरे." पुढे रीतसर पूर्णविराम दिला. दोन मिनिटांत तिचा फोन. "आबा, रागावलात का?" त्या मुलांच्या लेखी एका शब्दापुढचा पूर्णविराम म्हणजे तुटकपणा! आबांच्या शाळेत पूर्णविराम न देणे हा दोष होता. दोघांनाही हसू आले. मग आबांनी विचारले, "तू विनोदाखाली कवटीचे चित्र का टाकतेस? कोणी गेले की काय, असे वाटते." ती म्हणाली, "अहो आबा, हसून हसून मेले!" पाहा, चित्र नवे, पण आतला वाक्प्रचार आपल्या आजीचाच. त्या दिवशी ती दोघे अर्धा तास बोलली. एरवी तो निरोप "बरे" या शब्दावरच संपला असता.

म्हणून माझे सांगणे एवढेच. त्यांची नक्कल करू नका, त्यांची थट्टाही करू नका. न कळलेला शब्द मोकळेपणाने विचारा. विचारल्याने वडीलकी कमी होत नाही. आणि एक शब्द घेतला की एक द्या. 'क्रिंज'चा अर्थ कळला की सांगा, "आमच्याकडे याला कानकोंडे होणे म्हणत." 'फ्लेक्स' कळला की 'मिरवणे' द्या. दुरुस्ती म्हणून देऊ नका, भेट म्हणून द्या. "शुद्ध बोल" असे दरडावले की मूल शुद्ध बोलू लागत नाही, ते आपल्याशी बोलणेच सोडते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दिलेले 'महापौर' आणि 'दिग्दर्शक' समाजाने उचलले. फाउंटनपेनासाठी त्यांनी सुचविलेली 'झरणी' मात्र मागे राहिली. शब्द देणे आपल्या हाती असते, रुजविणे बोलणाऱ्यांच्या हाती. पण दिलाच नाही, तर रुजणार काय?

आज घरी गेल्यावर नातवंडांना एका शब्दाचा अर्थ विचारा आणि आपल्या आजीचा एक शब्द त्यांना सांगा. नातवंडे दूरदेशी असतील तर फोनवर विचारा.