दाण्यापासून पिशवीपर्यंत
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



दिल्ली असो, भोपाळ असो वा नागपूर, शहरातील कष्टकऱ्याच्या घरात पहाटे सर्वप्रथम येणारी कारखानदारी वस्तू बहुधा दुधाची पिशवी असते. एका कोपऱ्यावर कात्री चालवून ती रिकामी केली की तिचा विचार संपतो. मुंबईत आरे दुधाच्या काचेच्या बाटल्या ज्यांनी पाहिल्या त्यांना आठवत असेल की रिकामी बाटली परत द्यावी लागे. ती धुऊन पुन्हा भरली जाई. पिशवी दूध केंद्रावर परत जात नाही. ती कोठून येते आणि कोणाच्या हाती जाते, हा आजचा विषय आहे.

पॉलिथिन हे द्रव्य १९३३ साली इंग्लंडमधील विनिंग्टन येथे इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत अकल्पितपणे हाती लागले. कारखान्यातील उत्पादन १९३९ साली सुरू झाले आणि पहिला मोठा उपयोग झाला तो युद्धकाळातील रडारच्या केबलींवरील वेष्टनासाठी. स्वयंपाकघरात ते युद्धानंतर आले. आपल्या देशात या उद्योगाची मोठी उभारणी सार्वजनिक क्षेत्राने केली. १९६९ साली स्थापन झालेली बडोद्याची इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन हे तिचे ठळक उदाहरण. जनतेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या या कंपनीचे नियंत्रण २००२ साली रिलायन्सकडे गेले आणि २००७ साली ती रिलायन्समध्ये विलीन झाली.

फिल्मच्या कारखान्यात पॉलिथिन येते ते पोत्यांतून, मसुराएवढ्या दाण्यांच्या रूपाने. हा दाणा हॉपरमधून तापवलेल्या लांब नळीत, म्हणजे बॅरलमध्ये उतरतो. आत एक भला मोठा स्क्रू फिरत असतो. तो दाणा पुढे ढकलतो, दाबतो व घुसळतो. दाणा वितळतो तो केवळ बाहेरच्या हीटरमुळे नव्हे. स्क्रूच्या घर्षणातूनही पुष्कळ उष्णता निर्माण होते. साधारणपणे १६० ते २०० अंश सेल्सियस तापमानाचा हा चिकट रस गाळणीतून डायमध्ये येतो आणि जेमतेम एक मिलिमीटर रुंदीच्या गोल फटीतून नळीच्या आकाराने वर निघतो. या नळीत हवा भरली की तिचा फुगा होतो. फुगा आडवा दोन-तीन पट ताणला जातो, तर माथ्यावरचे रूळ त्याला उभ्या दिशेने खेचतात. या दुहेरी ताणानेच मिलिमीटरभर जाडीचा रस ५० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाइतका पातळ होतो. बाहेरून थंड हवेचे कडे त्याला निववीत असते. जेथे स्वच्छ रस किंचित धुरकट होतो तेथे कामगारांची ‘फ्रॉस्ट लाइन’ असते. ती रेषा वरखाली सरकू लागली की काहीतरी बिनसले, हे अनुभवी ऑपरेटर नुसत्या नजरेने ओळखतो.

पुढे फुगा चपटा होऊन रुळावर गुंडाळला जातो. पॉलिथिनच्या पृष्ठभागावर शाई धरत नाही. म्हणून त्यावर आधी उच्च दाबाच्या विजेचा मारा करतात, मग छपाई होते. दूध केंद्रात पोचतो तो हा रोल; तयार पिशवी नव्हे! तेथले यंत्र फिल्मची नळी करते, उभी शिवण उष्णतेने जोडते, तळ बंद करते, दूध सोडते आणि वरची शिवण घालून कापते.

फिल्मचे यंत्र मध्येच थांबवणे मालकाला परवडत नाही. बॅरलमध्ये राहिलेला रस करपतो, पुन्हा सुरू करताना बराच माल वाया जातो. म्हणून यंत्र रात्रंदिवस चालते आणि माणसाने त्याच्या तालावर चालायचे असते. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. तरीही अनेक छोट्या कारखान्यांत बारा-बारा तासांच्या दोनच पाळ्या चालत आल्या आहेत. यंत्र सुरू करताना तापलेली नळी हातमोजे घालून ओढावी लागते, दोरीला बांधून रुळांपर्यंत चढवावी लागते. रुळांच्या जबड्यात बोटे जाण्याची भीती असते ती याच वेळी, आणि झोप डोळ्यांवर असते ती पहाटेच्या पाळीला.

आता जाडीचा हिशेब पाहू. एक किलो पॉलिथिनपासून ५० मायक्रॉन जाडीची सुमारे २२ चौरस मीटर फिल्म होते. २५ मायक्रॉनची केली तर ४३. म्हणजे २० बाय ३० सेंटिमीटरच्या साध्या पिशव्या किलोमागे सुमारे १८० ऐवजी ३६० निघतात. मालकाच्या दृष्टीने पातळपणा म्हणजे दाण्याची निव्वळ बचत. परंतु कचरावेचक स्त्री माल विकते तो वजनावर. तिला एका किलोसाठी १८० वेळा वाकावे लागे, तेथे आता ३६० वेळा वाकावे लागते. यंत्राने वाचवलेला दाणा तिच्या कमरेतून वसूल होतो. म्हणूनच पातळ पिशव्या कोणी उचलत नाही आणि त्या गटारात जाऊन बसतात.

जाडीवरील सरकारी मर्यादा १९९९ साली २० मायक्रॉन होती. ती चढत चढत २०२२ च्या अखेरीस हातपिशव्यांसाठी १२० वर आली. वेफर्सच्या व शाम्पूच्या पुड्यांची गोष्ट याहून वाईट. त्यांत निरनिराळ्या प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सुटे करणे परवडत नाही. भंगारवाला त्यांना हातही लावत नाही.

दुधाची पिशवी मात्र एकाच जातीच्या द्रव्याची व बऱ्यापैकी जाड असते. भंगारात तिला भाव येतो. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती अशाच मालावर जगणाऱ्यांची संघटना म्हणून. महाराष्ट्र सरकारच्या मार्च २०१८ च्या अधिसूचनेने दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतखरेदीची किंमत छापावी असे म्हटले होते. तोपर्यंत ही पिशवी सांभाळून रद्दीत जात होती ती गृहिणींच्या आणि कचरावेचकांच्या हातांनी, कोणत्याही कंपनीच्या खर्चाने नव्हे. त्यातही कात्रीने तोडलेला तो चिमुकला कोपरा कोणाच्याच हाती लागत नाही. तो पूर्ण न तोडता पिशवीलाच लटकता ठेवला, तर तेवढा तुकडाही वजनकाट्यावर चढतो.