गरम रेडिएटरचं झाकण

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर वाहतूक तुंबली की गाड्यांची इंजिनं तापतात. घरी पोहोचताच काही जण बॉनेट उघडून रेडिएटरचं झाकण फिरवतात. इथेच हात-तोंड भाजतं.

बंद रेडिएटरमधलं कूलंट कुकरसारखं दाबाखाली असतं, म्हणून ते १०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि उकळतं पाणी अंगावर उसळतं. इंजिन पूर्ण गार होऊ द्यावं.

बॉनेटखालची बॅटरी काढतानाही जपावं: आधी ऋण टोक सोडवावं. आधी धन टोक सोडवताना पाना पत्र्याला टेकला, तर ठिणगी उडते. बॅटरीजवळचा हायड्रोजन पेटू शकतो.

तसंच गाडीखाली काम करायचं असेल, तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक घसरतो. सपाट जमीन, चाकांना ठोकळे आणि भक्कम स्टँड हवेतच.