आधी धावा, मग बोला

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘खेळाडू आणि नैराश्य’ असं छापलंय. ते वाचून सकाळी फिरायला आलेले एक गृहस्थ मला म्हणाले, “त्यांना कसलं आलंय नैराश्य? कोट्यवधी मिळतात की!” त्यांचा प्रश्न मी खिशात घालून आलोय. पण सुरुवात नागपूरपासून करतो.

१ मार्च २००६. सिव्हिल लाइन्समधलं व्हीसीएचं जुनं मैदान. जामठ्याचं नवं मैदान तेव्हा व्हायचं होतं. इंग्लंडकडून एकवीस वर्षांचा एक डावखुरा सलामीला आला. पहिल्या डावात ६०, दुसऱ्या डावात नाबाद १०४. पदार्पणातच! मी स्टँडमध्ये होतो, पायाशी संत्र्याच्या सालींचा ढीग. शेजारी वर्ध्याचे एक काका होते, ते म्हणाले, “हे पोट्टं कुठून आणलं जी यायनं?” पोट्टं वेस्ट इंडिजहून आणलं होतं. तिथे इंग्लंडचा ‘अ’ संघ खेळत होता, तिथून त्याला कसोटीच्या तोंडावर विमानात बसवलं. नाव ॲलिस्टर कुक.

ते शतक अजून निघतं गप्पांत. पण कुकला बोलवावं का लागलं, हे त्या दिवशी आमच्यापैकी कुणी फारसं विचारलं नाही. कर्णधार वॉनचा गुडघा गेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुडघ्याबद्दल काका दहा मिनिटं बोलले. दुसरा गेला होता मार्कस ट्रेस्कोथिक. त्याच्या नावावर १४ कसोटी शतकं. बडोद्याच्या सराव सामन्यातून तो थेट घरी परतला. का? तर घरगुती कारण. पुढे टीव्हीवरच्या मुलाखतीत तो स्वतःच म्हणाला, व्हायरस झाला होता.

व्हायरस वगैरे काही नव्हतं. बडोद्याच्या ड्रेसिंग रूममध्ये तो कोसळला होता, रडला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियातूनही तो असाच परतला. २००८ च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं, आणि मग आत्मचरित्रात सगळं सांगून टाकलं. म्हणजे खरं बोलायला त्याला दोन वर्षं लागली, आणि इंग्लंडची टोपी उतरवून ठेवावी लागली.

आता जरा आपल्या भाषेकडे या. गुडघा दुखावला तर आपण ‘जायबंदी’ म्हणतो. त्यात दोष कुणाचाच नाही. आणि मन दुखावलं तर? कच खाल्ली. हाय खाल्ली. अवसान गळालं. हातपाय गाळले. शेपूट घातली. बघा, शब्दांची काही वाण नाही; पण त्यातला एकही शब्द आजाराचा नाही, सगळे भित्रेपणाचे! ‘नैराश्य’ हा शब्द सभ्य आहे, पण तोही थोडा फसवतो. निराश व्हायला काहीतरी कारण लागतं: पेपर अवघड गेला, निवड झाली नाही. हा आजार कारणासाठी अडून बसत नाही. झोप उडते, भूक जाते, ज्यात जीव रमायचा त्यातच रमत नाही. आणि हे दोन-दोन आठवडे, महिने चालतं. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक घेतलं, आणि त्यानंतरच्या रितेपणाबद्दल आणि नैराश्याबद्दल तो उघड बोलला आहे. सकाळच्या गृहस्थांना मी एवढंच म्हटलं: पैशाने गुडघा वाचत नाही, हे तुम्हाला मान्य आहे ना?

माझं म्हणणं मात्र थोडं वेगळं आहे. खेळाडू बोलायला लागले, फार छान झालं, असं आपण म्हणतो. पण कोण कधी बोलतो, हे पाहिलंय का?

विराट कोहली घ्या. २०१४ चा इंग्लंड दौरा: पाच कसोटी, दहा डाव, मिळून १३४ धावा. तेव्हा तो गप्प होता. बोलला कधी? नोव्हेंबर २०१९ मध्ये, इंदूरला. ग्लेन मॅक्सवेलने मानसिक स्वास्थ्यासाठी विश्रांती घेतली होती, पत्रकारांनी त्यावर विचारलं. कोहलीने त्याची बाजू घेतली आणि स्वतःचं सांगितलं: माझं मन ठीक नाही, मला दूर जायचंय, हे तेव्हा कुणापाशी बोलता आलं नाही; लोक ते कसं घेतील, याची खात्री नव्हती. जवळची माणसं असूनही एकटं वाटत होतं, हे तर २०२१ मध्ये आलं. आणि इंदूरला बोलण्याच्या महिनाभर आधी आपल्या गहुंज्यात नाबाद २५४! मी त्याला दोष देत नाही. पण ‘लोक ते कसं घेतील’, यातले लोक म्हणजे तुम्ही-आम्ही.

उलट बाजूला मेरठचा प्रवीणकुमार. २०११ मध्ये लॉर्ड्सवर पाच बळी घेतले, नाव तिथल्या फलकावर लागलं, मग हळूहळू संघाबाहेर. २०२० च्या जानेवारीत त्याने सांगितलं की तो नैराश्यावर उपचार घेतोय. एका पहाटे जीव द्यायच्या विचाराने तो गाडी घेऊन निघाला होता, गाडीत मुलांचा हसरा फोटो दिसला आणि तिथून मागे फिरला. डिप्रेशन काय असतं हे आपल्याकडे कुणाला कळत नाही, हेही म्हणाला. किती जणांना आठवतं? हात वर करा. चार... पाच. आणि कोहलीचं? हं.

(एक कामाची गोष्ट इथेच सांगतो, शेवटी घाईत राहून जाते. सरकारची ‘टेलि-मानस’ ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येतं. लिहून घ्या, दुसऱ्या कुणासाठी म्हणून घ्या हवं तर.)

आता आपल्या मुंबईची मुलगी, जेमिमा रॉड्रिग्ज. २०२५ च्या विश्वचषकात पहिल्या चार डावांत दोन शून्यं. १९ ऑक्टोबरला इंग्लंडविरुद्ध तिला वगळलं. योगायोग असा की तेही इंदूरच. समजा, त्या संध्याकाळी ती म्हणाली असती, “मी रोज रडते आहे, मला ॲन्झायटीचा त्रास होतोय.” आपण काय म्हटलं असतं? मीच म्हटलं असतं, कारणं सांगते आहे पोरगी.

ती बोलली ३० तारखेला. नवी मुंबईत, उपांत्य सामन्यात, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चा पाठलाग, नाबाद १२७, सामना खिशात. मग पत्रकारांसमोर तिने सगळं सांगितलं: आईला फोन लावून नुसतं रडणं, सगळं बधिर होणं. कुणीतरी ऐकणारं याच्यातूनच जात असेल, म्हणून सांगते, असं म्हणाली. देशाने मान डोलावली. १२७ धावा भरून तिने ती मान विकत घेतली होती.

गावच्या मॅटवर कबड्डी खेळणाऱ्या पोराने किती गुण आणल्यावर बोलायचं, ते मला कुणी सांगेल का?

त्याच पत्रकार परिषदेत तिने आणखी एक सांगितलं, त्याची बातमी लहान झाली. आदल्या दिवशी ती नेटमध्ये सराव करत होती. स्मृती मानधना, आपली सांगलीची, तिथे आली. फारसं काही बोलली नाही. सल्ला नाही, ‘खंबीर राहा’ नाही. आपण जवळ असलेलं हिला बरं वाटतं, एवढं तिला ठाऊक होतं. म्हणून नुसती उभी राहिली.