गुरूंचा अखेरचा पाठ
(उत्सवप्रसंगी झालेले व्याख्यान)



गुरूच्या सहवासात शिष्य वर्षानुवर्षे श्रवण करतो. तथापि गुरूच्या अखेरच्या दिवसांत त्यास जे लाभते, ते बहुधा उपदेशाच्या रूपाने येत नाही. मराठी, कानडी व उर्दू या तिन्ही भाषा ज्या भागात एकाच ओसरीवर नांदतात, त्या कलबुर्गी व बिदर जिल्ह्यांत याची दोन उदाहरणे आहेत.

पहिले गाणगापूरचे. भीमा-अमरजा संगमाचे हे क्षेत्र सोडून श्रीनृसिंहसरस्वती पंधराव्या शतकात श्रीशैलाकडे निघाले, तेव्हा गावकरी शोकाकुल झाले. गुरुचरित्रातील कथेनुसार महाराजांनी मठात पादुका ठेवल्या आणि मध्यान्हकाळच्या भिक्षेस आपण गावातच असू, असे आश्वासन दिले. म्हणून आजही तेथे गेलेला यात्रेकरू, मग तो घरचा कितीही सुखवस्तू असो, दुपारी झोळी घेऊन माधुकरी मागतो. गुरू गेले, भिक्षेची वेळ मात्र चुकली नाही.

दुसरे उदाहरण हुमनाबादजवळील माणिकनगरचे. श्रीमाणिकप्रभूंचा जन्म १८१७ साली दत्तजयंतीस झाला. त्यांच्या दरबारात हिंदू आले, मुसलमान आले. सर्व मतांचा आदर करणारा तो 'सकलमत' संप्रदाय. आलेले दान साठवावयाचे नाही, तेथल्या तेथे वाटून टाकावयाचे, ही प्रभूंची रीत. अशा संस्थानात संपत्ती मागे उरत नाही, उरते ती केवळ व्यवस्था. आणि तीच फार नाजूक असते.

१८६५ च्या मार्गशीर्षात दत्तजयंतीचा उत्सव तोंडावर आला होता. यात्रा जमत होती, अन्नछत्र चालू होते. मार्गशीर्ष शुद्ध एकादशीस, म्हणजे २९ नोव्हेंबर रोजी, प्रभूंनी समाधी घेतली. तिथीने पाहता वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पुरी होण्यास चार दिवस उणे होते. संप्रदायाची परंपरा सांगते की, हा निश्चय त्यांनी अगदी मोजक्या मंडळींस कळविला होता आणि पौर्णिमेपर्यंत वार्ता बाहेर जाऊ द्यावयाची नाही, अशी आज्ञा केली होती. आपल्या जाण्याने उत्सव खंडित होऊ नये, दूरदूरहून आलेला मनुष्य उपाशी परत जाऊ नये, एवढाच हेतू.

भाविकांस चमत्कारांच्या कथा अधिक प्रिय असतात, आणि प्रभूंच्या चरित्रात त्या विपुल आहेत. या प्रसंगात मात्र चमत्कार शोधूनही सापडत नाही. येथे दिसतो तो पंगतीचा हिशेब मनात ठेवून निरोप घेणारा एक कर्ता पुरुष. ज्या मोजक्या मंडळींस ही गोष्ट ठाऊक होती, त्यांचे ते चार दिवस कसे गेले असतील? डोळ्यांतील पाणी लपवून पाने मांडावयाची, आल्यागेल्याचे स्वागत करावयाचे, आरतीस उभे राहावयाचे. गुरूने मरणाविषयी काही सांगितले नाही. शोकाच्या वेळी हात कोठे असावेत, तेवढे दाखवून दिले.

गादीवर बसविले ते धाकटे बंधू तात्यामहाराज यांचे पुत्र मनोहर यांना. ते तेव्हा बालवयात होते. बालकाच्या नावाने कारभार चालविणे ही वडीलधाऱ्यांची कठोर परीक्षा असते. हक्क त्याचा, कष्ट आपले, आणि तो मोठा झाला की किल्ल्या मुकाट्याने त्याच्या हाती द्यावयाच्या! देवस्थानांच्या महाजनांस हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. एखादा जुना कारभारी अंथरुणास खिळला म्हणजे त्याच्या उशाशी बसणाऱ्यांपैकी कितीजण पालखीचा क्रम व नंदादीपाच्या तेलाची तरतूद विचारून घेतात, आणि कितीजणांचे लक्ष मानाच्या नारळाकडे असते, हे प्रत्येक कुळाने पाहिलेले आहे.

माणिकनगरात ती परीक्षा पार पडली. पुढे निजामी राजवट गेली, १९५६ साली बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला, गादीवर पिढ्या बदलल्या. मार्गशीर्षात तेथे एकादशीस प्रभूंची पुण्यतिथी येते आणि पाठोपाठ पौर्णिमेस दत्तजयंती. मधल्या दिवसांत यात्रा भरते, आणि पंगती उठत असतात.