आलिशान मोटार आणि आपला रस्ता

(शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणावरून)



दीड कोटी रुपयांच्या मोटारीचे वर्णन ऐकण्यासाठी आपण येथे जमलेलो नाही, हे मी जाणतो. आजचा विषय रस्ता सुरक्षेचा आहे. तरीही त्या विषयाकडे मी एका आलिशान मोटारीच्या वाटेने जाणार आहे. जर्मनीतील मर्सिडीज-बेंझ कंपनीने आपल्या 'एस-क्लास' या मानाच्या सेडान मोटारीचे नवे रूप सप्टेंबर २०२० मध्ये झिंडेलफिंगेन येथे जगापुढे ठेवले. ऑक्टोबर २०२१ मध्ये तीच मोटार पुणे जिल्ह्यातील चाकणच्या कारखान्यात जुळणी होऊन १ कोटी ५७ लाख रुपये या आरंभीच्या किमतीला आपल्या बाजारात आली. तिच्यातील भव्य पडदा आणि दारात दडून बसणाऱ्या मुठी यांची चर्चा पुष्कळ झाली. ज्यांना ती हौस परवडते त्यांनी ती अवश्य करावी. आपल्याला प्रयोजन आहे ते निराळ्याच गोष्टीशी. आज सामान्य माणसाच्या गाडीत असलेल्या काही जीवरक्षक यंत्रणा प्रथम याच मोटारीच्या घराण्यात अवतरल्या होत्या.

ब्रेकचेच उदाहरण घ्या. भरधाव गाडीचा ब्रेक एकाएकी दाबला म्हणजे चाके जाम होतात. जाम झालेले चाक फिरत नाही, नुसते घसरते. आणि घसरणाऱ्या पुढच्या चाकांना सुकाणू कितीही फिरवले तरी दिशा मिळत नाही. समोर आलेले मूल चालकाला दिसते, बाजूला जागाही असते, परंतु गाडी सरळच जाते. यावर उपाय म्हणून चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, म्हणजे एबीएस, निघाली. प्रत्येक चाकाची गती मोजणारा संवेदक, ती माहिती पारखणारा विद्युत् नियंत्रक आणि ब्रेकच्या तेलाचा दाब सोडणाऱ्या व पुन्हा देणाऱ्या झडपा, ही तिची तीन अंगे. चाक जाम होऊ लागले की दाब क्षणभर सुटतो, चाक फिरू लागताच पुन्हा बसतो. हे एका सेकंदात अनेक वेळा घडते. चालकाच्या पायाला त्याची थरथर जाणवते. ती थरथर म्हणजे बिघाड समजून पुष्कळ जण पाय उचलतात. तसे करू नये. पाय दाबूनच ठेवावा आणि सुकाणू वळवावे. वाहन चालवण्याचा परवाना घेणाऱ्या तरुणांना ही एवढी गोष्ट कोणीतरी सांगितलीच पाहिजे.

कल्पना जुनी होती. विमानांच्या चाकांसाठी अशी साधने १९५० च्या दशकापासून वापरात होती. मोटारीसाठीची एक आवृत्ती मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेंझ कंपनीने १९७० च्या डिसेंबरात दाखवलीही, पण त्या काळचे विद्युत् भाग रस्त्यावरचे धक्के व उष्णता सोसण्याइतके भरवशाचे नव्हते. त्यामुळे आणखी आठ वर्षे गेली. बॉश कंपनीच्या सहकार्याने अंकीय पद्धतीची यंत्रणा सिद्ध झाली आणि १९७८ मध्ये ती एस-क्लासमध्ये मिळू लागली. १९८१ मध्ये चालकापुढील एअरबॅग आली, तीही याच घराण्यात.

आता आपल्याकडील कालमापन पाहा. भारतात सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ मध्ये, म्हणजे ४१ वर्षांनी. चालकाची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी. श्रीमंताच्या मोटारीपासून शिक्षकाच्या मोटारीपर्यंतचे हे अंतर आपोआप कापले जात नाही. ते कधी कायदा कापतो, तर कधी एखादी नामुष्की. गाडी भरकटू लागताच नेमक्या चाकाला ब्रेक लावून तिला सावरणारी 'ईएसपी' यंत्रणा १९९५ मध्ये याच कंपनीच्या महागड्या मोटारीत आली. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९९७ मध्ये, स्वीडनमधील पत्रकारांनी घेतलेल्या चाचणीत कंपनीची छोटी 'ए-क्लास' मोटार आडव्या आलेल्या हरणाला चुकवल्यासारखे वळण घेताना उलटली. कंपनीला विक्री थांबवावी लागली आणि जी यंत्रणा धनिकांसाठी राखलेली होती ती त्या छोट्या मोटारीत मूळ किमतीतच बसवून द्यावी लागली.

आपल्या रस्त्यांवरील मरण मात्र बहुधा मोटारीत बसलेल्यांचे नसते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, महाराष्ट्रात १५,२२४. देशातील मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होते आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारे होते. दुचाकींसाठी २०१९ मध्ये जो नियम लागू झाला त्यात १२५ घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या वाहनांना एबीएस आवश्यक ठरले. त्याहून लहान वाहनांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी साधी योजना चालेल, असे ठरले. आपल्या तालुक्यातील दुचाकी कोणत्या गटात मोडतात, हे आपणास माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

पुन्हा त्या नव्या मोटारीकडे वळतो. बाजूने धडक बसणार असे कळताच गाडीचा सांगाडा सुमारे ८ सेंटिमीटर वर उचलून आघात खालच्या मजबूत भागावर घेण्याची सोय तिच्यात देऊ केली होती. मागे बसणाऱ्यांसाठी समोरून उघडणारी एअरबॅगही होती. परंतु एअरबॅग ही आसनपट्ट्याची सोबतीण आहे, त्याची जागा घेणारी नव्हे. तीन टोकांनी बांधणारा हा पट्टा व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये दिला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांसाठीही खुले ठेवले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मर्सिडीजच्याच एका मोटारीला अपघात झाला. मागील आसनांवरील दोघांचा, उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या सहप्रवाशाचा, त्यात मृत्यू झाला. त्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा, हा नियम तेव्हाही होता. विवाहाला निघालेल्या आपल्या गाड्यांतून तो किती पाळला जातो, ते आपण पाहतोच.

एक गोष्ट पंचायत सदस्यांसाठी. एबीएस घर्षण निर्माण करीत नाही. रस्ता जेवढी पकड देईल तेवढीच ते वापरते. सुट्या मुरमावर किंवा खडीवर तर एबीएस असलेली गाडी थांबायला काहीसे अधिक अंतर घेते, कारण जाम झालेले चाक आपल्यापुढे मातीचा ढीग लोटून अडते आणि फिरते चाक त्यावरून पुढे जाते. म्हणून बांधकामाची वाळू व खडी डांबरी रस्त्यावर किती दिवस पडून राहावी, सुगीत धान्य कोठे वाळवावे आणि उसाच्या गाड्यांनी शेतातून आणलेला चिखल पावसापूर्वी कोणी काढावा, हे प्रश्न झिंडेलफिंगेनच्या अभियंत्यांकडून सुटण्यासारखे नाहीत. ते आपल्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर यावेत, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.