कॅमेरा कोठे उभा आहे?



चित्रपट पाहून परतताना आपण कथेविषयी बोलतो, नटनटींविषयी बोलतो, गाण्यांविषयी तर बोलतोच. पण दोन-अडीच तास ज्याने आपले डोळे आणि कान ताब्यात ठेवले, त्या दिग्दर्शकाने हे साधले कसे, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आज तोच करू.

१९३४ सालच्या ‘अमृतमंथन’मध्ये व्ही. शांताराम यांनी राजगुरूचा डोळा पडदाभर मोठा करून दाखविला. नाटकात शेवटच्या रांगेतील माणसाला नटाचा डोळा दिसत नाही. येथे मात्र कोणत्याही रांगेत बसा, त्या नजरेतून सुटका नाही. धर्मसत्तेचा धाक एका शब्दावाचून मनात उतरतो.

याच दिग्दर्शकाने १९३७ साली ‘कुंकू’मध्ये उलट वाट धरली. तेथे त्यांनी पार्श्वसंगीतच काढून टाकले. वयस्क विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा, आणि त्या घरातले नेहमीचे आवाज, एवढेच आपल्या कानी येते. कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्याला भोंग्याची भाषा शिकवावी लागत नाही. पाळी बदलली, हे तो घरबसल्या ओळखतो. तसेच त्या घरातले जुने घड्याळ नवऱ्याचे उतरते वय सांगत राहते. आता रडा, असे सुचवायला तेथे सारंगी नाही. म्हणून नीरेचा नकार हा दयेचा विषय न होता न्यायाचा प्रश्न होतो.

आता २०१३ सालचा, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ घ्या. डुक्कर पकडणाऱ्या कुटुंबाची गाव टवाळी करीत असते. अखेरीस जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट कॅमेऱ्याकडे येतो. पडदा काळा होतो. आतापर्यंत आपण खुर्चीत बसून हळहळत होतो. त्या एका दगडाने दिग्दर्शक आपल्याला टवाळखोरांच्या घोळक्यात नेऊन उभे करतो. कॅमेरा बाजूला ठेवला असता, तर तोच दगड दुसऱ्या कोणाला तरी लागला असता आणि आपण सुखरूप घरी गेलो असतो.

म्हणून तंत्राला मी अलंकार मानीत नाही. काय दाखवावे, काय ऐकवू नये आणि प्रेक्षकाला कोणाच्या शेजारी बसवावे, हा दिग्दर्शकाने दिलेला निवाडाच असतो. तो पटतो की नाही, हे ठरविण्याचा अधिकार आपला आहे. पण त्यासाठी तो आधी वाचता आला पाहिजे.

ही साक्षरता आज अधिकच निकडीची आहे. खिशाखिशात कॅमेरा आला आहे आणि चित्रे दिवसभर आपल्यापुढे येत असतात. ज्याला त्यांची भाषा कळत नाही, त्याला कोणीही हसवील, रडवील आणि भडकवीलही. तेव्हा पुढचे चित्र पाहताना स्वतःला एकच प्रश्न विचारा : कॅमेरा कोठे उभा आहे, आणि मला त्याने कोठे उभे केले आहे?