धान्य निघालें, तें पोहोंचलें काय?
(समितीच्या वार्षिक सभेंतील भाषण)



समितीचा जमाखर्च आपल्या हातीं आहेच. किती पोतीं खरेदी झालीं व किती रवाना झालीं, हें त्यांत लिहिलें आहे; परंतु एवढ्यावरून काम नीट झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. पेढीवरचा मुनीमसुद्धां माल निघाला म्हणून खातें बंद करीत नाहीं. तो पोंचपावतीची वाट पाहतो.

२०२० सालच्या महामारीचेंच उदाहरण घेऊं. रेशनकार्ड नसलेल्या स्थलांतरित मजुरांसाठीं केंद्र सरकारनें त्या वर्षीं मे महिन्यांत ८ लाख टन धान्य मंजूर केलें. हिशेब सरळ होता: माणसें ८ कोटि, दरमहा माणशीं ५ किलो, महिने दोन. राज्यांनीं कोठारांतून सुमारें ६.४ लाख टन उचललें. ऑगस्टअखेर प्रत्यक्ष वांटलें गेलें तें मंजुरीच्या सुमारें एक तृतीयांश. आतां यश कोणत्या आंकड्यावरून मोजावें? उचल पाहिली तर शेंकडा ८०, वांटप पाहिलें तर ३३! शिवाय ८ कोटि हा मुळीं अंदाजच होता. त्यामुळें उरलेले मजूर उपाशी राहिले, गांवीं परतले, कीं तितके कधीं नव्हतेच, हें त्या आंकड्यांवरून सांगतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट वकिलाच्या चटकन नजरेस येते. संसर्गाच्या भीतीनें अनेक राज्यांत रेशन घेणाऱ्याचा अंगठा घेणें तहकूब झालें. तें योग्यच होतें. पण मग पोंच म्हणून उरला तो बव्हंशीं देणाऱ्याचाच शब्द, आणि अशा एकतर्फी साक्षीचें न्यायालयांत किती वजन असतें, तें आपण जाणतां.

म्हणून पुढील वांटपापूर्वीं गांवोगांव नांवनिशीवार यादी व्हावी, मागणी कळल्यापासून धान्य हातीं पडेपर्यंत किती दिवस लागले तें प्रत्येक नांवापुढें नोंदावें, आणि वांटपांत हात नसलेल्या माणसानें कांहीं घरीं जाऊन खात्री करावी, असें समितीनें योजिलें आहे. दिवसांची नोंद विशेष महत्त्वाची. कारण पंधरा दिवस उशीरां आलेलें पोतेंही तराजूंत वेळेवर आलेल्या पोत्याइतकेंच भरतें.

यास पैसा लागतो. पोत्यांसाठीं देणगी आनंदानें मिळते. कारकुनाच्या पगारासाठीं म्हटलें कीं हात आंखडतो. (असला खर्च धर्मांत मोडत नाहीं, असें कांहीं सज्जन म्हणतात; ते आपल्या दुकानांत मात्र हिशेबनीस ठेवितात.) तरी व्यापारी व बागाईतदार मंडळींनीं देणगीच्या शंभर रुपयांतले पांच या कामीं खर्चण्याची मोकळीक द्यावी, व तसें देणगीपत्रावर लिहावें. पत्रें दाराशीं मेजावर ठेविलीं आहेत.